मानसपुत्राचे मोल : १३० डॉलर

पात्र मोठे झाले की लेखक लहान होतो, हा साहित्यातला जुना अनुभव आहे. शेरलॉक होम्सला ओळखणाऱ्या कितीतरी जणांना त्याच्या जनकाचे नाव चटकन आठवत नाही. पण मानसपुत्राच्या भरभराटीत बापालाच घराबाहेर व्हावे लागले, असे उदाहरण विचाराल तर मी सुपरमॅनचे सांगेन.

मी मराठीची प्राध्यापिका. कवितेचे रसग्रहण करताना कवीचे नाव चुकले तर आम्ही गुण कापतो. सुपरमॅन मात्र तुमच्याआमच्या घरी बनियनवर, दप्तरावर, खाऊच्या डब्यावर विराजमान असतो. चिरंजीवांना विचारून पाहा, “बाळ, हा कोणाच्या डोक्यातून निघाला?” चिरंजीव गप्प! आणि त्यांचे तीर्थरूपही!

तो निघाला अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरी, जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर या दोन शाळासोबत्यांच्या डोक्यातून. दोघेही १९१४ सालचे, दोघेही बाहेरून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. सीगल लिही, शुस्टर चित्रे काढी. १९३२ साली सीगलच्या वडिलांच्या कपड्यांच्या दुकानात चोर शिरले आणि त्याच प्रसंगात वडिलांचे हृदय बंद पडले. पुढे काही वर्षांतच या मित्रांनी असा पुरुष रचला, की ज्याच्यापुढे कोणा चोरदरोडेखोराचे काही चालू नये. या दोन गोष्टींचा संबंध काही अभ्यासक लावतात. मलाही तो लावावासा वाटतो.

बरीच वर्षे नकार पचवल्यावर मार्च १९३८ मध्ये सौदा ठरला. पाने १३, पानाला १० डॉलर. एकूण १३० डॉलर. त्या रकमेत सुपरमॅनचे सारे हक्क गेले! त्याच वर्षी ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १० सेंटला विक्रीस आला आणि लेकराने बाळसे धरले.

१९४० मध्ये तो रेडिओवर गेला, १९४१ मध्ये व्यंगचित्रपटात, १९४८ मध्ये रुपेरी पडद्यावर. आरंभी बिचारा नुसत्या लांब उड्या मारी. आकाशात विहार करणे पुढचे. त्याला निर्बल करणारा क्रिप्टोनाइट खडा तर १९४३ साली रेडिओनेच दिला. असे नवे पालक त्याला नवे दागिने घालीत होते. जन्मदात्यांनी मात्र १९४७ मध्ये हक्कासाठी न्यायालय गाठले, आणि तडजोडीनंतर चित्रकथेवरून त्यांची नावेच पुसली गेली. पुढे शुस्टरची दृष्टी अधू झाली. सीगल कॅलिफोर्नियात कारकुनी करू लागला.

१९७५ मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार अशी वार्ता आली. सीगलने आपली कैफियत वर्तमानपत्रांकडे धाडली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्याच्या पाठीशी उभे राहिले. अखेर डिसेंबरात कंपनी नमली: प्रत्येकाला वर्षाला २०,००० डॉलर आणि नाव परत. १९७८ च्या त्या चित्रपटात घटकाभर दिसणाऱ्या मार्लन ब्रँडोला सुमारे ३७ लाख डॉलर मिळाले. पण माझ्या मते त्यातला खरा मोलाचा क्षण म्हणजे निर्माते म्हणून त्या दोघांची नावे पडद्यावर उमटली, तो.

त्यांना निदान ते डोळ्यांनी पाहता आले. बॅटमॅन घडवण्यात मोठा वाटा असलेला बिल फिंगर १९७४ मध्ये वारला. त्याचे नाव बॉब केनच्या शेजारी अधिकृतपणे लागले ते २०१५ मध्ये!

१३० डॉलरची ती रक्कम ज्या धनादेशात होती, तो २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला. त्याच्यावर दोन्ही मित्रांच्या नावांचे स्पेलिंग चुकलेले आहे. ज्यांना नावे धड लिहिताही आली नाहीत, त्यांच्या हाती लेकरू गेले होते. म्हणून मुलांना पुढचा सुपरमॅन दाखवायला न्याल तेव्हा नावे सरकू लागली की लगेच चपला शोधू नका. तेवढी दोन नावे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.