‘द ब्लँक वॉल’: प्रेतापेक्षा घरकामाचा ताण
रेमंड चँडलर ज्यांना सस्पेन्सच्या लेखनात अव्वल मानत, त्या एलिझाबेथ सँक्से होल्डिंग यांची ‘द ब्लँक वॉल’ (१९४७) ही कादंबरी जरूर वाचा. माझ्या मते इथला खरा ताण प्रेतापेक्षा घरकामाचा आहे. नवरा युद्धावर, पदरी दोन मुलं आणि म्हातारे वडील. न्यूयॉर्कजवळच्या उपनगरातली ल्युसिया हॉली घरच्यांना वाचवायला प्रेत मोटरबोटीतून हलवते आणि पुन्हा रेशनच्या किराण्याला जुंपून घेते. नवऱ्याला पत्रं लिहिते, पण त्यात यातलं अवाक्षरही नाही. मृत्यूचा उलगडा लवकर होतो, मग रहस्य कसलं, असं कुणी म्हणेल. पण शोध आहे तो या घुसमटलेल्या बाईचाच. तिची दमणूक मुलांना दिसत नाही. ती ओळखतो ब्लॅकमेल करायला आलेला डॉनेली.