एडिसनचा मुकादम

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क बसवलं आणि कोरेगावात पारापारावर व्हिसातज्ज्ञ उगवले. ‘आता पोरं जाणार कशी?’ याचीच सगळ्यांना चिंता. गेलेल्यांचे दिवस कसे गेले, हे पारावर कुणी विचारत नाही.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेल्या डॉक्टरांवर पुष्कळ लिहून झालंय. तिथल्या अलीकडच्या ढोलपथकांचं कौतुकही पुरे. आमची तिथली दहा वर्षं १९९८ नंतरची. आमचे वडील १९८२ च्या गिरणी संपानंतर परळच्या गिरणीतून गावी परतलेले. पुढच्याच वर्षी वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट करून दिली, म्हणून आमच्यासारखी पोरं संगणकापर्यंत पोचली. त्यात ‘वाय-टू-के’, म्हणजे २००० सालच्या तारखांचा संगणकी घोळ, आला आणि अमेरिकेने एच-वन-बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून वाढवत १ लाख ९५ हजारांवर नेली.

आम्हाला नेलं एका दलाल कंपनीने. ऊसतोडीचा मुकादम उचल देऊन टोळी बांधतो, तसंच. न्यू जर्सीत, एडिसनला, दोन खोल्यांत सहा जण. गाद्या भिंतीला उभ्या आणि सहा जणांत एक फोन. तो वाजला की कुकरखालचा गॅसही बंद, कारण पलीकडून क्लायंट मुलाखत घ्यायचा. काम मिळेपर्यंत ‘बेंच’. कायद्याने बेंचवरच्या दिवसांचाही पगार द्यायला हवा होता. आम्हाला तांदळाचं पोतं मिळालं. बायोडेटात दोन वर्षांची पाच वर्षं दलालच करायचा, पकडले गेलो की तोंड आमचं काळं. आणि ही दलाल मंडळी पुण्यात ‘गुणवत्तेची निर्यात’ या विषयावर भाषणं ठोकायची!

२००१ मध्ये मंदी आली. तेव्हा नोकरी गेली की त्याच दिवशी पायाखालची जमीन जायची. ६० दिवसांची सवलत आली २०१७ मध्ये. साताऱ्यात कॉलेजात शिकवणाऱ्या बायका एच-फोरवर, म्हणजे नवऱ्यामागच्या व्हिसावर, घरी बसल्या. त्यांना कामाची परवानगी २०१५ ची, तीही सरसकट नाही. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणजे भारताला आणि आइसलँडला एकच माप. रांगेत केस पिकले, पण मालक बदलायचा धीर झाला नाही.

नवं शुल्क भरायचं मालकाने. पण अर्ज अजूनही त्याच्याच नावाने होतो, हे पारावर कुणी बोलत नाही. पोराला जरूर पाठवा. सहीआधी करारातलं, मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास किती पैसे भरायचे, ते कलम तेवढं वाचा.