लग्गी आणि ब्रेक
शोभा गुर्टूंची ठुमरी, त्रिलोक गुर्टूंचा फंक

१९८८ साली जर्मनीतल्या सीएमपी या छोट्या कंपनीने 'उसफ्रेट' नावाची तबकडी बाजारात आणली. तालवादक त्रिलोक गुर्टू यांची स्वतःच्या नावावरची ही पहिली तबकडी. तिच्यातल्या एका रचनेचं नाव आहे 'शोभारॉक'. यातल्या शोभा म्हणजे त्रिलोक यांच्या आई, ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू. तबकडी आली तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यांच्या मागे बास गिटारवर स्वीडनचे योनास हेलबोर्ग, व्हायोलिनवर एल. शंकर, गिटारवर 'ओरेगॉन' या वादकगटाचे राल्फ टाउनर, पियानोवर फ्रान्सचे दानिएल ग्वायोन आणि ट्रम्पेटवर खुद्द डॉन चेरी. ऑर्नेट कोलमन यांच्या साथीने ज्यांनी पन्नासच्या दशकाअखेर जॅझची घडी विस्कटली, तेच हे चेरी.

अशा तबकड्यांबद्दल लिहायचं म्हटलं की 'पूर्व-पश्चिमेचा संगम' हे शब्द हाताशी तयार असतात. मला ते पटत नाहीत. 'उसफ्रेट'मध्ये दोन संस्कृतींची भेट वगैरे होण्याआधी एका घरातली दोन माणसं वाजवत-गात आहेत. ते घर बेळगाव, कोल्हापूर आणि मुंबई या तीन गावांनी घडवलेलं आहे. शिवाय फंकची जी जात आहे, ती या घरात ठुमरीच्या शेवटी रोज वाजत होती, असं माझं म्हणणं आहे.

आधी घराबद्दल. शोभाताईंचा जन्म बेळगावचा, ८ फेब्रुवारी १९२५ चा. माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी आणि गायिका, जयपूर-अत्रौली घराण्याच्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. भानुमतीला पहिली तालीम मिळाली ती अल्लादिया खाँचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे, कोल्हापुरात. पुढे नत्थन खाँ, आणि मग घम्मन खाँ. हे घम्मन खाँ मेनकाबाईंना ठुमरी शिकवायला म्हणून मुंबईत घरी राहायला आले आणि लेकीच्या गाण्याला त्यांनी कायमचं वळण दिलं. ख्यालाची शिस्त कोल्हापूरची, ठुमरीची नजाकत पूर्वेची, आणि लग्न काश्मिरी पंडित घराण्यातल्या विश्वनाथ गुर्टूंशी. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावात पोलीस खात्यात अधिकारी, पण सतार वाजवणारे आणि विद्वान. म्हणजे सासर-माहेर दोन्हीकडे बैठक. मराठी रसिकांनी त्यांचा आवाज 'सामना' आणि 'लाल माती'त ऐकला, हिंदीवाल्यांनी 'पाकीज़ा'त.

त्रिलोक यांचा जन्म १९५१ चा, मुंबईचा. तबला लहानपणीच हाती आला. शाह अब्दुल करीम यांच्याकडे रीतसर शिक्षण झालं आणि आईच्या बैठकींमुळे जे शिक्षण कुठल्याच वर्गात मिळत नाही तेही झालं. थोरले बंधू रवी हेही तालवादक. पाश्चात्त्य संगीत मात्र तबकड्यांवरूनच कानावर पडलं. जिमी हेंड्रिक्सवरच्या १९९५ च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्रिलोक यांनी सांगितलं होतं की, स्टुडिओत एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्यांना तेव्हा ठाऊकच नव्हतं. ऐकू येतंय ते सगळं एकाच वेळी वाजतंय असं समजून ते दोन-तीन माणसांचं काम एकट्याने वाजवायला शिकले. त्यांना मंचावर पाहिलं की या अज्ञानाचे उपकार कळतात. ड्रमवादकाच्या स्टुलावर ते बसत नाहीत. गुडघे टेकून, अर्धवट बैठकीत, तबला, ड्रम, झांजा, घंटा असा पसारा भोवती मांडतात. शेजारी पाण्याची बादली असते. वाजती झांज तिच्यात बुडवली की तिचा नाद वाकतो, घसरतो. पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण कान देऊन ऐकलं तर ती मींड आहे.

आता ठुमरीचा शेवट. बोलबनावाची ठुमरी दीपचंदीत, चौदा मात्रांत, किंवा जत तालात संथ चालते. गायिका एकेका शब्दाला दहा अर्थ देते, तबलजी नुसता ठेका धरून अदबीने बसलेला असतो. अर्धा तास असा गेला की गायिका मुखड्यावर येते आणि तोच धरून ठेवते. तबलजी इतका वेळ याचीच वाट पाहत असतो. दीपचंदी सोडून तो आठ मात्रांच्या द्रुत केरव्यात उडी घेतो. 'धा गे ना ति न क धिं ना' हा साधा साचा, पण चाटेवरची बोटं, बायाची घुमक आणि मधेच गाळलेली मात्रा यांतून त्याच्या लग्ग्या आणि लड्या निघतात. गायिका तीच ओळ परत परत म्हणते आणि नाचतो तो तबला. मग एक तिहाई, आणि सगळं पुन्हा संथ ठेक्यात. बैठकीत सगळ्यात मोठी दाद इथेच पडते, आणि ती बहुधा तबलजीची असते.

फंककडे वळू. साठच्या दशकाअखेर जेम्स ब्राउन यांनी आपल्या वाद्यवृंदाला एकच गोष्ट घोटवली: पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकत्र यायचं, बाकीच्या मात्रांत ज्याने त्याने आपली खिंड लढवायची. आपल्याकडे याला समेवर येणं म्हणतात. त्यांच्या 'फंकी ड्रमर' या १९७० च्या तबकडीत एका ठिकाणी बाकी सगळे थांबतात आणि क्लाइड स्टबलफील्ड काही आवर्तनं एकटे वाजवतात. हाच 'ब्रेक'. १९७३ पासून न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क दोन चकत्यांवर एकाच तबकडीच्या दोन प्रती लावून असला ब्रेक लांबवू लागले, कारण नाचणाऱ्यांना तेवढाच तुकडा हवा असे. हिप-हॉप त्यातून निघालं. पुढे लंडनमध्ये अ‍ॅसिड जॅझ म्हणून जे आलं, त्याचाही पाया तोच.

सूर एका ओळीवर थांबलेला आणि ताल मोकळा सुटलेला, ही रचना दोन्हीकडे एकच. तबला आणि ड्रम यांची जुळवाजुळव करायला बसलेले बरेच हुशार लोक राग आणि हार्मनी यांच्या गाठी सोडवत बसतात. गुर्टूंच्या घरात त्या सोडवायची गरजच नव्हती. आईने मुखडा धरायचा आणि मुलाने लग्गी लावायची, एवढंच करायचं होतं.

मी नायगावात राहतो, आणि हा विषय मला पुस्तकापेक्षा इथल्या लग्नांनी आधी शिकवला. वसई पट्ट्यातल्या ख्रिस्ती लग्नांत आजही ब्रास बँड असतो. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, आणि मागे साइड ड्रम, मोठा ड्रम. वरात रस्त्याने चालते तोवर गाणं सरळ, कडव्यांसकट वाजतं. पण मंडपाच्या तोंडाशी मंडळी नाचायला थांबली की ट्रम्पेटवाला धृपदाच्या अर्ध्या ओळीवर अडतो. तेवढीच ओळ तो फुंकत राहतो आणि ड्रमवाले मान खाली घालून सुटतात. नवऱ्याची मावशी, शेजारचे अंकल, कडेवरची पोरं, कुणीच मग बाजूला उभं राहत नाही. यातल्या कुणीही 'ब्रेक' हा शब्द या अर्थाने ऐकलेला नसेल आणि लग्गीही ऐकलेली नसेल. गरजेतून एकच युक्ती निरनिराळ्या ठिकाणी सुचते, असं मला यावरून वाटतं.

पुन्हा गुर्टूंकडे. आई-मुलगा पहिल्यांदा युरोपातल्या तबकडीवर एकत्र आले ते 'उसफ्रेट'च्या अकरा वर्षं आधी. म्युनिकमध्ये १९६९ साली ख्रिस्तियान बुरखार्ड यांनी सुरू केलेल्या 'एम्ब्रियो' या मंडळींच्या 'आपो-कॅलिप्सो' (१९७७) या तबकडीत. ही मंडळी विचित्र होती. बड्या कंपन्यांना कंटाळून त्यांनी आणखी काही वादकगटांबरोबर स्वतःची सहकारी तत्त्वावरची तबकडी-कंपनी काढली. तिचं नाव आधी 'एप्रिल' होतं, पण त्या नावावर एका बड्या कंपनीने हक्क सांगितल्यावर ते 'श्नेबाल' झालं. पुढे १९७८-७९ मध्ये ते बस घेऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असे मजल दरमजल करत भारतात आले. 'आपो-कॅलिप्सो'त त्यांचं संगीत जॅझ आणि फंकच्या मधोमध चालतं आणि त्यावर शोभाताईंचा आवाज येतो. माझ्या मते इथे तो अजून पाहुणा आहे. बाकीचे वाजवणारे त्याला जागा करून देतात, पण तो आल्यावर स्वतः काय करायचं हे त्यांना नीटसं उमगत नाही.

मधल्या वर्षांत त्रिलोक यांनी डॉन चेरी आणि चार्ली मारियानो यांच्याबरोबर वाजवलं. बोस्टनचे हे सॅक्सोफोनवादक मारियानो दक्षिणेत नागस्वरम शिकायला आलेले गृहस्थ. १९८४ च्या नोव्हेंबरात 'ओरेगॉन'चे तबला-सतारवादक कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत रस्ता अपघातात गेले. त्यांच्या जागी त्रिलोक आले आणि 'इकोटोपिया'पासून तीन तबकड्यांत त्यांनी वाजवलं. राल्फ टाउनर 'उसफ्रेट'मध्ये आले ते या ओळखीतून.

सीएमपीचा स्टुडिओ झेरकाल या आयफेलच्या डोंगराळ मुलखातल्या खेड्यात होता. संगीतापेक्षा कागदगिरणीसाठी हे गाव जास्त ओळखलं जाई. कंपनीचे मालक कुर्ट रेंकर आणि ध्वनिमुद्रक वॉल्टर क्विंटस यांचा ओढा तालवाद्यांकडे. त्या काळच्या युरोपीय जॅझ-मुद्रणांत बऱ्याचदा सगळं धुक्यात, दूर वाजल्यासारखं ऐकू येतं. 'उसफ्रेट'मध्ये चाटेवरचं बोट आणि झांजेची कड अंगावर येते. हेलबोर्ग यांचा बास जाड आणि बोलका आहे, बायाशी तो भांडत नाही. आणि शोभाताई? त्या काहीही बदलत नाहीत. खर्जातला तो जाड, किंचित धुरकट आवाज, शब्द ओढण्याची तीच रीत. मैफल दादरची असावी इतक्या निवांतपणे त्या गातात. भोवती गती वाढते आणि त्या मुखड्यावर बसून राहतात. 'शोभारॉक' नावात पोरकट थट्टा आहे खरी, पण आईच्या नावाने एवढी लाडाची थट्टा करायला तिच्या गाण्यावर पूर्ण भरवसा लागतो.

याच सुमारास लंडनमध्ये अ‍ॅसिड जॅझचं नामकरण होत होतं. अ‍ॅसिड हाउस या नाचसंगीताची साथ आली होती, तेव्हा जाइल्स पीटरसन आणि क्रिस बँग्ज या डीजेंनी जुन्या सोल-जॅझ तबकड्या लावताना चेष्टेत आपल्या प्रकाराला अ‍ॅसिड जॅझ म्हटलं. १९८७ मध्ये पीटरसन आणि एडी पिलर यांनी त्याच नावाची कंपनीही काढली. पिलर यांनी पुढे हॉक्स्टन चौकात 'ब्लू नोट' नावाचा क्लब चालवला, आणि तिथेच सोमवारच्या रात्री तबलावादक तलविन सिंग 'अनोखा' नावाचा कार्यक्रम भरवत. १९९७ च्या 'अनोखा' संकलनाने ब्रिटनमधल्या आशियाई तरुणांच्या या नाचसंगीताला एशियन अंडरग्राउंड हे नाव रूढ केलं आणि १९९९ मध्ये तलविन यांच्या 'ओके'ला मर्क्युरी पारितोषिक मिळालं. त्या पिढीचा पूर्वज म्हणून 'उसफ्रेट'चं नाव नेहमी घेतलं जातं. मुंबईत वाढून लंडनला गेलेले बासवादक श्री यांनी बॅडमार्शबरोबर केलेली 'साइन्स' (२००१) ही तबकडीही याच वाटेवरची, आणि माझ्या आवडीची.

जॅझच्या जगाने त्रिलोक यांना उशीर न लावता आपलं म्हटलं. १९८९ च्या नोव्हेंबरात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रिकुटात ते लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजवत होते, आणि नव्वदच्या दशकात 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना एकाहून अधिक वेळा सर्वोत्कृष्ट तालवादक ठरवलं. 'क्रेझी सेंट्स' (१९९३) मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथनी असे बडे पाहुणे आले, शोभाताईही पुन्हा आल्या. तबकडी उत्तम आहे, पण पाहुण्यांची वर्दळ फार. पहिलीतला घरगुती निवांतपणा मला तिच्यात सापडत नाही.

आणि महाराष्ट्रात? आपण शोभाताईंना कजरी, होरी, चैतीच्या आणि २००२ च्या पद्मभूषणाच्या चौकटीत नीट बसवलं. २७ सप्टेंबर २००४ ला त्या गेल्या. त्यांच्यावर लिहिताना जर्मनीतल्या तबकड्या आपण मुलाच्या कौतुकाचा भाग म्हणून शेवटच्या परिच्छेदात ढकलतो. मराठी माणसाला नाच आणि जॅझ यांचं वावडं आहे म्हणून हे झालं, असंही म्हणता येत नाही. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त गोव्याच्या चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट घेतला, त्यांना वाद्यवृंदासकट पडद्यावर आणलं, आणि सगळा महाराष्ट्र त्यावर नाचला. अडचण ठुमरीच्या सोवळ्याची असावी. जे गाणं कोठ्यावरून मोठ्या कष्टाने बैठकीत आणलं, ते पुन्हा नाचाच्या जागी गेलेलं कुणाला बघवत नव्हतं.

लंडनच्या मंडळींवर मात्र माझी एक तक्रार आहे. यंत्रावर ब्रेकचा तुकडा फिरवत ठेवला की तो संपत नाही. लग्गी संपते. तिहाई घेऊन तबलजी दीपचंदीत परततो, गायिका तोच मुखडा आता संथ म्हणते, आणि मघाच्या धावपळीमुळे त्याच शब्दांना वेगळं वजन आलेलं असतं. एशियन अंडरग्राउंडच्या बऱ्याच तबकड्यांत हे परतणं नाही. साडेपाच मिनिटं ठेका चालतो आणि आवाज हळूहळू मंद करून बंद केला जातो. त्रिलोक यांच्याकडे ते परतणं आहे, कारण लहानपणापासून त्यांनी प्रत्येक लग्गीनंतर आईला पुन्हा ठेक्यावर येताना ऐकलं होतं.