स्वावलंबी घर : हिशेब आणि हुन्नर

शहरातील घराचा दिवस चार गोष्टींवर चालतो. नळाला पाणी येते, तारेतून वीज येते, टाकीतून गॅस येतो आणि वाण्याच्या दुकानातून धान्य येते. या चारही गोष्टी येतात कोठून, हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. ठाऊक असण्याची गरज पडत नाही, तोवर सारे सुरळीत चालते. मात्र एखादे दिवशी पाणी आले नाही, की सुशिक्षित गृहस्थसुद्धा रिकामी बादली घेऊन रस्त्यावर उभा राहतो. अशा वेळी मनात प्रश्न येतो की, घराला लागणाऱ्या या वस्तू घराच्या आसपास, आपल्या हाताने, कितपत मिळवता येतील? गावाकडे चार-सहा एकर जमीन घेऊन राहावे, विजेच्या खांबावर आणि टँकरवर अवलंबून असू नये, असे म्हणणारी तरुण मंडळी आज पुष्कळ भेटतात. त्यांच्या उत्साहाला हिशेबाची जोड मिळावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत घाणी, चक्की, चूल अशा साध्या साधनांवर पद्धतशीर प्रयोग केले. १९५० साली विनोबांनी पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला. पैशाचा आधार सोडून, स्वतः खणलेल्या विहिरीवर आणि बैलांवाचून केलेल्या शेतीवर आश्रमाचा निर्वाह चालवावा, अशी ती कल्पना होती. पुढे कोल्हापूरचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे दहा गुंठे जमिनीचा विचार मांडला. ते गणिताचे अध्यापक होते आणि त्यांनी शेतीकडेही त्याच नजरेने पाहिले : जमिनीवर ऊन किती पडते, पाने ते किती पकडतात, आणि त्यातून पाच माणसांचे पोट भरेल की नाही. आपणही त्याच रीतीने पाच माणसांचे एक घर समोर ठेवू आणि एकेका गरजेचा हिशेब मांडू.

प्रथम पाणी. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सांगितले आहे. शिवनेरीवर गंगा-जमुना या नावाची टाकी आजही पाहावयास मिळतात. गडासारख्या उंच जागी पाऊस हाच भरवशाचा झरा, म्हणून पूर्वजांनी खडक कोरून तो साठवला. घरालाही हाच न्याय लागू आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. हे सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. पन्नास चौरस मीटर छप्पर आणि पुण्यासारखा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर वर्षाला ३५,००० लिटर पाणी छपरावर पडते. त्यातले गळती, उडणे आणि पहिल्या सरीची घाण यांत जाणारे सोडून ऐंशी टक्के हाती लागले, तरी २८,००० लिटर होतात.

आता खर्च पाहू. पिण्यास व स्वयंपाकास माणशी पाच लिटर, म्हणजे घराला रोज पंचवीस लिटर. पावसाळा सरल्यावर कोरडे दिवस सुमारे २४० धरले, तर ६,००० लिटर पुरतात. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पावणेदोन मीटर खोल टाक्यात ७,००० लिटर मावतात. म्हणजे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न एका टाक्याने सुटतो. मात्र याच टाक्याच्या भरवशावर आंघोळ, धुणे आणि गुरांचे पाणी भागवू म्हणाल, तर पौषातच तळ दिसेल. त्यासाठी विहीर हवी, आणि विहिरीला पाणी हवे असेल तर शेताच्या बांधांवर पावसाचे पाणी अडवून जिरवले पाहिजे.

टाके बांधताना तीन पथ्ये पाळावीत. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे, कारण छपरावरची धूळ, पाने व पाखरांची घाण त्यात असते. टाक्यात उजेड शिरू देऊ नये, म्हणजे शेवाळ धरत नाही. आणि तोंडाला व नळीला बारीक जाळी बसवावी, म्हणजे डास अंडी घालीत नाहीत. एवढे करूनही पिण्याचे पाणी उकळून घ्यावे हे उत्तम. सरपण कमी असेल, तर निवळ पाणी स्वच्छ पारदर्शक बाटल्यांत भरून कडक उन्हात सहा तास आडवे ठेवले तरी रोगजंतू मरतात. पाणी गढूळ असेल, तर ऊन आत पोचत नाही व हा उपाय फुकट जातो.

दुसरी गोष्ट धान्याची. माणशी रोज चारशे ग्रॅम धान्य धरले, तर पाच जणांना वर्षाकाठी ७३० किलो, म्हणजे सात क्विंटलांहून थोडे अधिक लागते. कोरडवाहू रानात ज्वारी एकरी तीन-चार क्विंटल येते, असे धरून चालावे. तेव्हा केवळ भाकरीसाठी दोन एकर जमीन हवी. डाळ, तेलबिया आणि गुरांचे वैरण यांची जमीन निराळी. बियाणे राखून ठेवावे लागते, आणि एखादे वर्ष पाऊस दगा देतोच. म्हणून शहाणा शेतकरी एका वर्षाचे धान्य पिकवून थांबत नाही, दीड वर्षाचे साठवतो.

साठवण हा पिकवण्याइतकाच मोठा हुन्नर आहे. धान्य उन्हात इतके वाळवावे की दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. त्यातला ओलावा शंभरात बाराच्या खाली गेला, की बुरशी धरत नाही आणि किडीचाही जोर कमी होतो. डाळींना व गव्हाला एरंडेलाचा हात लावणे, कडधान्यात राख मिसळणे, कणगीत कडुलिंबाचा पाला घालणे या आपल्या आजीबाईंच्या रीती आहेत. त्यांत राखेचे काम समजून घेण्याजोगे आहे. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरते, त्यामुळे किडीला हिंडता येत नाही. शिवाय किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर राखेने खरवडला जातो आणि तो सुकून मरतो.

पेवाची युक्ती याहून खोल आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांतून हळद साठवण्याची प्रथा प्रसिद्ध होती. २००५ सालच्या महापुराने त्यांतली पुष्कळ पेवे निकामी केली. पेव नीट बंद केले, की आतला माल आणि किडे मिळून तेथला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि त्यात कीड गुदमरते. परंतु जी हवा किड्याला मारते तीच माणसालाही मारते. म्हणून पेव उघडल्यावर बराच काळ तसेच राहू देत, आणि आत दिवा सोडून तो जळतो का हे पाहत. दिवा विझला, तर उतरायचे नाही. दिवा जळत राहिला, तरी एकट्याने उतरू नये. वर एक माणूस दोर धरून उभा असावा.

तिसरी गरज चुलीची. लाकूडफाट्यावर सारा स्वयंपाक करायचा, तर रान उजाड होते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत धूर भरतो. मगनवाडीची धुराडे असलेली मगनचूल हा त्यावरचा पहिला उतारा. दुसरा उतारा शेणाच्या गॅसचा. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यातून निघालेल्या गॅसवर दिवे लावले गेले होते. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांनी वर तरंगणारी टोपी असलेले संयंत्र तयार केले, आणि १९६२ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला.

याचा हिशेब असा. एक किलो ताज्या शेणातून सुमारे चाळीस लिटर गॅस मिळतो. पाच जणांच्या स्वयंपाकास रोज सव्वा ते दीड घनमीटर गॅस लागतो. थंडीत गॅस कमी निघतो, म्हणून दोन घनमीटरचे संयंत्र बांधावे. त्याला रोज पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. एक गाय रोज दहा किलो शेण देते, म्हणजे गोठ्यात चार-पाच जनावरे पाहिजेत. ज्याच्या दारी एकच गाय आहे, त्याने शेणाचा गॅस करण्याच्या नादी लागू नये. त्याला पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेले छोटे संयंत्र अधिक सोयीचे. ते खरकटे, खराब पीठ, सडकी फळे अशा वस्तूंवर चालते, कारण पिष्टमय पदार्थांच्या थोड्या वजनातून शेणापेक्षा पुष्कळ अधिक गॅस निघतो. या कामासाठी संस्थेला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

गॅस तयार करणारे जंतू हवेत जगत नाहीत, म्हणून टाकी हवाबंद लागते. आरंभी टाकीतल्या हवेत मिसळलेला गॅस पेटवू नये, कारण त्या मिश्रणाचा स्फोट होतो. तो पहिला साठा सोडून द्यावा. संयंत्रातून बाहेर पडणारी रबडी हे उत्तम खत आहे. शेणाची गोवरी जाळली की त्यातला नत्र धुराबरोबर जातो. गॅस काढून घेतलेल्या रबडीत तो राहतो. एकाच शेणातून चूलही पेटते आणि शेतही पोसते.

चौथी गरज विजेची, आणि येथे आजच्या विज्ञानाने मोठाच हातभार लावला आहे. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास लावले, तर १८० वॉट-तास होतात. २८ वॉटचा नव्या तऱ्हेचा पंखा आठ तास चालवला, तर २२४. एकूण सुमारे ४०० वॉट-तास. शंभर वॉटची सौर पट्टिका कोरड्या ऋतूत साधारण तेवढीच वीज देते. परंतु साठवताना काही वीज वाया जाते आणि श्रावणात सूर्य चार-चार दिवस तोंड दाखवीत नाही. म्हणून दोनशे वॉटची पट्टिका घ्यावी. बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत १,२०० वॉट-तास मावतात, पण त्यांतले निम्मेच वापरावेत, नाहीतर बॅटरी लवकर खलास होते. या बेतात दिवे, पंखा आणि फोन निभावतात. इस्त्री, पाणी तापवण्याचा बंब आणि विहिरीचा पंप यांत बसत नाहीत. आंघोळीचे पाणी उन्हावर तापवावे, हे बरे.

आता या साऱ्या हिशेबाच्या शेवटी एक खाते उरते. ते श्रमाचे. जुने गाव स्वयंपूर्ण होते, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते स्वयंपूर्ण होते खरे, परंतु पहाटे जाते ओढणारी आणि कोसावरून पाणी आणणारी बाई, मेलेले ढोर ओढणारा महार आणि मैला उचलणारा भंगी यांच्या पाठीवर ती स्वयंपूर्णता उभी होती. वाड्यातल्या मालकाला ती मोफत मिळे. अशा व्यवस्थेला स्वावलंबन म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

हे ज्यांनी ओळखले, त्यांत अप्पासाहेब पटवर्धनांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतले. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही, असे अधिकारी म्हणाले, तेव्हा त्यांनी अन्नाचा प्रश्न उभा केला. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला, आणि सरकारला नमते घ्यावे लागले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्यापासून सोनखत करणाऱ्या साध्या संडासावर अनेक वर्षे काम केले. दोन खड्ड्यांच्या संडासाचे तत्त्व सोपे आहे. एक खड्डा भरला की तो बुजवून दुसरा वापरावयाचा. बंद केलेला खड्डा किमान एक वर्ष तसाच ठेवला, की मैल्याची काळी, वास नसलेली माती होते आणि ती कोणीही उपसू शकतो. विहिरीपासून मात्र तो दूर व उताराच्या खालच्या बाजूस असावा. ही केवळ खताची युक्ती नव्हती. माणसाने माणसाचा मैला उचलण्याची प्रथाच त्यामुळे अनावश्यक ठरत होती. त्या प्रथेविरुद्ध २०१३ साली कडक कायदा व्हावा लागला, यावरून हे काम किती मागे पडले होते, ते कळते.

तेव्हा स्वावलंबी घराची परीक्षा पाणी, धान्य आणि विजेच्या आकड्यांवर संपत नाही. त्या घरात सर्वांत अवघड काम कोण करते, हे विचारले पाहिजे. ते काम घरातले स्त्रीपुरुष वाटून घेत असतील आणि घराची घाण घरच्याच माणसांच्या हातून खत होऊन शेतात जात असेल, तर ते घर स्वावलंबी. मीठ, लोखंड, औषध आणि शाळा या गोष्टी त्यालाही बाहेरूनच मिळणार, आणि त्यात कमीपणा नाही. ज्यांना लगेच गावी जाणे शक्य नाही, त्यांनी येत्या मृगापूर्वी आपल्या छपराचे माप घ्यावे, त्याला गावच्या पावसाने गुणावे, आणि आपल्या डोक्यावरून दरवर्षी किती पाणी गटारात वाहून जाते ते कागदावर लिहून पाहावे. आरंभाला एवढा आकडा पुरेसा आहे.