विद्यापीठांच्या परिषदा आणि शेतकरी

विद्यापीठांतून विज्ञानाचें व अभियांत्रिकीचें शिक्षण कसें द्यावें, अभ्यासक्रमांत काय असावें, तें कोणत्या भाषेंतून शिकवावें, याविषयीं प्राध्यापकांच्या व अधिकाऱ्यांच्या परिषदा वारंवार भरत असतात. वर्तमानपत्रांत त्यांचीं छायाचित्रें येतात आणि आमचे बहुतेक शेतकरी बंधू तें पान उलटून बाजारभावाकडे वळतात. यांत त्यांचा दोष आम्ही मानीत नाहीं. त्या परिषदांतील भाषा व विषय दोन्ही त्यांस बहुधा परकेच वाटतात. तथापि ज्याचीं मुलें उद्यां त्या विद्यापीठांत जावयाचीं आहेत, आणि ज्याच्या शेतावर तेथें घडलेलें बियाणें, यंत्र व पाण्याची योजना यावयाची आहे, त्यानें या चर्चेकडे पाठ फिरविणें म्हणजे आपल्याच हिताकडे पाठ फिरविणें होय. आमच्या छत्रपति संभाजीनगरचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हें ध्यानांत येईल.

प्रथम भाषेचा प्रश्न घेऊं. हें शहर निजामाच्या राज्यांत औरंगाबाद म्हणून होतें, त्या वेळीं म्हणजे १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. तेथें उच्च शिक्षण, शास्त्रांसुद्धां, इंग्रजीऐवजीं उर्दूंतून देण्याचें धोरण ठरलें. त्यासाठीं लागणारी परिभाषा तयार करण्याच्या कामांत आमच्या शहराचा मोठा वाटा होता. मौलवी अब्दुल हक यांनीं अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचें काम येथून अनेक वर्षें चालविलें, आणि १९२८ सालीं 'साइन्स' नांवाचें उर्दू त्रैमासिकही येथूनच निघालें. देशी भाषेंतून शास्त्र शिकवितां येतें, हें त्या प्रयत्नानें दाखवून दिलें, व त्याबद्दल त्या विद्वानांस श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु मराठवाड्यांतील कुणब्याच्या घरांत मराठी बोलली जात होती. त्याची भाषा त्या धोरणांत नव्हती. म्हणून शास्त्र इंग्रजींतून सुटलें, तरी त्याच्या ओसरीपर्यंत आलें नाहीं.

दुसरा प्रश्न शिक्षणाच्या स्थानाचा. पदवीसाठीं आमच्या मुलांस हैदराबादेची वाट धरावी लागे, आणि तो खर्च थोड्याच घरांस झेपे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं येथें महाविद्यालय काढलें; तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आल्यावर, स्वतंत्र विद्यापीठाचा विचार करण्यासाठीं १९५७ सालीं न्यायमूर्ति पळणिटकर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. पुढच्याच वर्षीं, २३ ऑगस्ट १९५८ रोजीं, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें मराठवाडा विद्यापीठाचें उद्घाटन झालें व श्री. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरु झाले. १९९४ पासून या विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचें नांव आहे. १९६० सालीं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही येथें निघालें. समितीच्या बैठका आमच्या वडिलांस दूरच्या वाटल्या असतील. पण त्यांचें फळ मिळालें तें खेड्यांतील मुलांसच.

तिसरा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा, पाण्याचा. पैठण येथील जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली, आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें धरणाचें उद्घाटन झालें. धरण बांधणारे अभियंते आमच्या देशांत होते. परंतु पाणी कालव्यांतून शेतचारींत, व शेतचारींतून पिकाच्या मुळाशीं नेणें ही निराळीच विद्या आहे. पाणी बेतानें न दिल्यास वरच्या अंगाची काळी जमीन चिबड होते, आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहत बसतो. स्थापत्य शिकलेल्यास पीक ठाऊक नसतें, व कृषि शिकलेल्यास कालवा ठाऊक नसतो. या दोघांस एकत्र शिकविण्यासाठीं पैठण रस्त्यावर कांचनवाडी येथें जल व भूमि व्यवस्थापन संस्था, म्हणजेच 'वाल्मी', १९८० सालीं स्थापन झाली. येथें धरण आधीं झालें व शिक्षण मागाहून आलें. पाटाच्या टोकाशीं बसलेल्या शेतकऱ्याचें म्हणणें अभ्यासक्रम ठरवितांना ऐकलें गेलें असतें, तर हा क्रम उलटा होऊं शकला असता.

याच विचाराचें मोठें रूप म्हणजे कृषि विद्यापीठ. अमेरिकेंत १८६२ च्या कायद्यानें सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर शेती व यांत्रिक विद्या शिकविणारीं महाविद्यालयें उभारण्यांत आलीं. आपल्याकडे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानें ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली, १९६० सालीं पंतनगर येथें पहिलें कृषि विद्यापीठ निघालें, आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें प्रत्येक राज्यांत असें एक तरी विद्यापीठ असावें अशी शिफारस केली. त्यानुसार महाराष्ट्रांत चार झालीं. त्यांपैकीं मराठवाड्याचें परभणी येथें १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालें. शिक्षण, संशोधन व विस्तार हीं तिन्ही कामें एकाच छपराखालीं असणें हें या विद्यापीठांचें वैशिष्ट्य होय. चारही विद्यापीठांच्या संशोधकांची संयुक्त सभा दरवर्षीं आळीपाळीनें भरते, आणि नवीं वाणें, अवजारें व शिफारशी तेथें संमत होतात.

अशा शिफारशींचा उपयोग सोयाबीन पेरणाऱ्यांस ठाऊक आहे. रुंद वरंब्यावर पेरणी केली, म्हणजे पाऊस अतिशय झाल्यास जादा पाणी सरींतून निघून जातें, आणि उघडीप पडल्यास मुरलेली ओल पिकास कांहीं दिवस पुरते. परंतु हें काम यंत्राचें आहे. फाळांतील अंतर चुकलें किंवा बियांच्या चकत्या झिजल्या, तर पेरणीच्या ऐन घाईंत तें यंत्र नीट करणारा मनुष्य तालुक्याच्या गांवीं असावा लागतो. आमचीं मुलें जमीन गहाण टाकून अभियंते होतात व पुण्या-मुंबईस नोकरी शोधतात. गांवांत मात्र पेरणीयंत्र दुरुस्त करणारा सांपडत नाहीं. ही विसंगति घालविणें हा अभियांत्रिकी शिक्षणाच्या धोरणाचाच प्रश्न आहे, आणि तो परिषदेपुढें ठेवणारा शेतकऱ्याखेरीज दुसरा कोण असणार?

सध्यांचा काळ यास अनुकूल आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मातृभाषेंतून व एकाहून अधिक विद्या जोडून शिकविण्यावर भर दिला. २०२१ सालीं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें मराठीसह आठ भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्यें नागपूर येथें भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्यें शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र विज्ञान परिषदही झाली. दार किलकिलें झालें आहे; आंत जाणें आपल्याकडे आहे.

यासाठीं आमच्या वाचकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं आपल्या अडचणी लिहून काढाव्या. 'शेती परवडत नाहीं' इतकें मोघम न लिहितां, कोणतें यंत्र, कोणत्या जमिनींत, कोणत्या वेळीं अडलें, हें लिहावें. दुसरी, ते कागद जवळच्या कृषि विज्ञान केंद्रास, अभियांत्रिकी महाविद्यालयास व विद्यापीठास पाठवावे, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनीं प्रकल्पासाठीं तेच विषय घ्यावे असा आग्रह धरावा. तिसरी, आपल्या भागांत परिषद भरली तर दोघां-चौघांनीं तेथें जावें, आणि झालेले ठराव मराठींत छापून मागावे. विद्यापीठें कराच्या पैशावर चालतात, म्हणून असें मागण्यांत संकोच नसावा.

विद्वानांस आमच्या शेताचा अनुभव नाहीं व आम्हांस त्यांचें शास्त्र येत नाहीं. म्हणूनच दोघांची गांठ पडली पाहिजे. बांधावरचा प्रश्न परिषदेंत गेला, तरच परिषदेंतला ठराव बांधावर येईल.