खरा पुढारी कोण? बर्लिनच्या पोरांचा धडा

वस्तीतल्या पोरांनी क्रिकेटचा संघ काढला की पहिले भांडण कशावरून होते? कॅप्टन कोण, यावरून! आणि ज्याची बॅट तो कॅप्टन, ही रीत आपण सर्वांनीच पाहिली आहे. मोठेपणी मंडळे निघतात, युनियन निघतात, तेथेही पुष्कळदा बॅटवाल्याचेच चालते. म्हणूनच आज आम्ही वाचकांपुढे मुलांच्या एका गोष्टीतला पुढारीपणा ठेवीत आहोत. मुलांची गोष्ट म्हणून आईवडिलांनी पान उलटू नये.

ही गोष्ट 'एमिल आणि गुप्तहेर' या जर्मन पुस्तकातली. एरिख केस्टनर यांनी ते लिहिले आणि १९२९ साली ते प्रसिद्ध झाले. केस्टनर कष्टकऱ्यांच्या घरातले. वडील चामड्याचे कारागीर, पुढे कारखान्यात कामाला लागलेले. आई घरीच बायकांच्या केशरचनेचा व्यवसाय करी. पुस्तकातल्या एमिलची आईही हाच व्यवसाय करते. ती विधवा आहे. पैपैसा साठवून ती १४० मार्क मुलाच्या हाती देते आणि त्याला बर्लिनला पाठविते. त्यांतले १२० मार्क आजीचे. एमिल पैसे टाचणीने कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो. पण आगगाडीत त्याचा डोळा लागतो आणि डब्यातला हॅटवाला गृहस्थ पैसे घेऊन पसार होतो.

गावात केलेल्या एका खोडीमुळे एमिलला पोलिसाचे भय वाटते. अनोळखी शहरात तो एकटाच चोरामागे निघतो. तेथे त्याला गुस्टाव भेटतो. गुस्टावच्या खिशात भोंगा असतो आणि आसपासची सारी पोरे त्याला ओळखतात. तो जातो आणि दोन डझन मुले गोळा करून आणतो. आता सांगा, पुढारी कोण व्हायला हवा? गुस्टावच ना? माणसे त्याची, भोंगा त्याचा! पण 'प्रोफेसर' या टोपणनावाचा चष्मेवाला मुलगा योजना आखू लागतो, तेव्हा गुस्टाव आडवा येत नाही. ज्याला जे साधते ते त्याने करावे, हे त्याला कळते. आम्हाला गुस्टावचा मोठेपणा येथे दिसतो. माणसे जमविणे सोपे नाही. पण जमविलेली माणसे दुसऱ्याच्या शहाणपणावर सोपविणे त्याहून कठीण.

प्रोफेसरही हुकूम सोडत बसत नाही. तो आधी पैसे गोळा करतो. मग निरोपांची व्यवस्था लावतो. कोणाच्या घरी टेलिफोन आहे आणि कोणाचे आईबाप सर्वांत समजूतदार आहेत, हे तो विचारतो. छोटा डीन्स्टाग पुढे होतो आणि त्याला टेलिफोनपाशी बसविले जाते. चोराचे पैसे चोरूनच परत घ्यावेत, असाही विचार निघतो. प्रोफेसर ठाम सांगतो की लपूनछपून घेतले तर आपणही चोरच. पैसा हक्काचा असला तरी मार्ग सरळ हवा!

दुसऱ्या दिवशी सुमारे शंभर मुले चोराला घेरून चालतात. तो बँकेत नोटा मोडायला जातो आणि तेथेच सापडतो. नोटांना टाचणीची भोके असतात. तोच एमिलचा पुरावा. चोर बँक लुटणारा निघतो आणि एमिलला १००० मार्कांचे बक्षीस मिळते.

शेवटी घरी सारे जमतात. कौतुकाचा वर्षाव होतो. पण आजी सर्वांत जास्त कोणाला वाखाणते? छोट्या डीन्स्टागला! त्यालाही चोराच्या मागे धावायचे होते. पण काम अंगावर घेतले म्हणून तो टेलिफोन सोडून हलला नाही.

एक उणीवही सांगितली पाहिजे. एमिलची मावसबहीण पोनी सायकलवरून येते, कॉफी आणि पाव आणते, धीर देते. पण पाठलागाच्या मसलतीत तिला जागा नाही. आज आपल्या मुलींना चहा-फराळापुरते बोलावून चालणार नाही. बैठकीत त्यांचाही शब्द हवा.

हे पुस्तक आले त्यानंतर चारच वर्षांनी, १९३३ साली, त्याच बर्लिनमध्ये हिटलर सत्तेवर आला. तो स्वतःला 'फ्यूरर' म्हणवून घेई. त्या शब्दाचा अर्थच पुढारी! त्या वर्षी मे महिन्यात केस्टनर यांची पुस्तके भर चौकात जाळली गेली आणि केस्टनर गर्दीत उभे राहून ते पाहत होते. एकीकडे प्रश्न विचारणारा, कामे वाटून देणारा पोरांचा पुढारी. दुसरीकडे प्रश्नच बंद करणारा देशाचा पुढारी. कोणाच्या मागे जायचे हे लहानपणीच कळावे लागते.

तेव्हा आईवडिलांनो, मुलगा किंवा मुलगी कॅप्टन झाली म्हणून घरी आली, तर शाबासकी जरूर द्या. पण लगेच विचारा, "तुझ्या संघात टेलिफोनपाशी कोण बसले आहे? त्याचे नाव तू घेतलेस का?" याचे उत्तर ज्याच्यापाशी असेल, तो उद्याचा खरा पुढारी!