खुब्यात गेलेला धातू

नाशिककडच्या मळ्यात पायात मोडलेला बाभळीचा काटा वेळेत काढला नाही, तर ठणका लागतो, पू धरतो आणि बरेचदा काटा आपसूक वर येतो. शरीर परक्या वस्तूला असं हुसकावून लावतं. मग आजीचा खुबा मोडल्यावर बसवलेला लिंबाएवढा ‘बॉल’ ते वर्षानुवर्षं कसं सांभाळतं?

खरं तर ते त्याला कोंडून ठेवतं. भक्षक पेशी आधी तो गिळू पाहतात. घास आवाक्याबाहेरचा, म्हणून अनेक पेशी एकमेकींत मिसळून महापेशी होतात आणि भोवती तंतूंचं आवरण विणलं जातं. टायटॅनियमचं नातं याहून जवळचं. १९५२ मध्ये स्वीडनच्या ब्रॉनमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला घेतलं, तर ते निघेना. हाड त्याला धरून वाढलं होतं. आजचे रोपण केलेले दात त्यातूनच आले.

अखंड तुकड्यापेक्षा त्याचा चुरा वाईट.

‘एएसआर’ खुब्याने हे दाखवून दिलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीच्या या सांध्यात बॉलही कोबाल्ट-क्रोमियमचा आणि वाटीही. पावलागणिक धातूवर धातू घासायचा. सुटणारे कण इतके बारीक, की भक्षक पेशी ते सहज गिळतात. पचवू मात्र शकत नाहीत. पेशी मरतात, कण मोकळे होतात, नव्या पेशी धावून येतात. काहींच्या शरीरात टी पेशीही ॲलर्जीसारख्या खवळतात. भोवतालचं मांस मृत होतं, गाठी धरतात, सांधा खिळखिळा होतो, कोबाल्ट रक्तात उतरतो.

ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. तोवर जगात सुमारे ९३ हजार, तर भारतात सुमारे ४,७०० बसवून झाले होते. महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरलं. २०१२ मध्ये आयात परवाना रद्द झाला. केंद्राची तज्ज्ञ समिती मात्र २०१७ मध्ये नेमली गेली! तिने किमान २० लाखांची भरपाई सुचवली, पण बहुतेक रुग्णांचा तोवर पत्ताच लागेना. ब्रिटनमध्ये सांधेरोपणाची राष्ट्रीय नोंदवही होती, म्हणून तिथे बिघाड आकड्यांत दिसला. आपल्याकडे केसपेपर हरवला की माणूसही हरवला.

इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांकाचे स्टिकर असतात. त्यातला एक घरच्या फाईलमध्ये, डिस्चार्ज कार्डाला चिकटवून ठेवावा. पुढे कधी जांघेत दुखू लागलं किंवा सूज आली, तर आत नेमकं काय बसवलंय हे डॉक्टरांना त्याच चिठ्ठीवरून कळतं.